ऑफर लेटर पुण्याचे, बोलावणे नागपूरचे

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यातली, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका मोठ्या आयटी कंपनीत कॅम्पसमधून माझी निवड झाली, वार्षिक पॅकेज ३.६ लाख, ठिकाण बहुधा पुणे. नागपूरची एक छोटी कंपनी महिना १५ हजार आणि पहिल्या दिवसापासून प्रोग्रामिंगचे काम देते, पण मूळ गुणपत्रिका वर्षभर जमा ठेवायला सांगते. सीनियर म्हणतात, मोठ्या कंपनीत नुसते बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसावे लागते. बाबांनी ऑफर लेटरची झेरॉक्स बँकेच्या पासबुकात घालून ठेवली आहे. काय करू?

उत्तर : बाबांनी ती झेरॉक्स पासबुकातच का ठेवली, हे तुलाही ठाऊक असणार. शैक्षणिक कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभरात सुरू होतात आणि कापूस-सोयाबीनच्या भावाच्या भरवशावर दरमहा हप्ता भरणे कोणत्याही घराला जमत नाही. त्यामुळे माझा कौल मोठ्या कंपनीकडे आहे, पण तिथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे समजून जा.

या कंपन्या मुख्यतः आपल्या माणसांचे काम परदेशी बँकांना, विमा कंपन्यांना आणि दुकानांच्या साखळ्यांना विकतात. ज्याच्या कामाचे पैसे ग्राहक मोजतो तो ‘बिलेबल’, बाकीचे बेंचवर. तुला जावा येते की पायथन, यापेक्षा त्या महिन्यात कोणत्या प्रोजेक्टला माणूस हवा आहे यावर तुझे काम ठरते. म्हणूनच प्रोग्रामिंग शिकून आलेली मुले कधी टेस्टिंगला, तर कधी रात्रपाळीत तिकिटे, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी, सोडवणाऱ्या सपोर्टला लागतात. बेंचवर पगार मिळतो, पण हल्ली तिथे फार काळ बसू देत नाहीत. प्रोजेक्ट वाटणाऱ्या विभागाला स्वतःहून मेल करणारी मुले लवकर सुटतात, हे मी अनेकांकडून ऐकले आहे. पहिल्याच प्रोजेक्टला नकार देऊ नकोस; मात्र वर्षभरानंतरही तेच सपोर्टचे काम असेल, तर बदलीसाठी चिवटपणे मागे लाग.

पगाराचा हिशेबही आताच मांड. ३.६ लाख म्हणजे हाती महिना तीस हजार नव्हेत. त्यातच कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विमा आणि कामगिरीवर मिळणारा भाग धरलेला असतो, आणि तुझ्या वाट्याचा निधी वेगळा कापला जातो. चोवीस-पंचवीस हजार हाती येतील असे धरून चाल. पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या हिंजवडीकडे पीजी (पेइंग गेस्ट म्हणून राहणे) आणि मेस यांत त्यातला बराच भाग जाईल, हे बाबांना आधीच सांग. नाहीतर पहिल्या पगाराच्या दिवशी घरी गैरसमज होतो. उलट आरोग्य विमा ही मोठी सोय आहे, आणि त्यात आईवडिलांना घेता येते का, हे रुजू होतानाच विचार.

बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार), प्रशिक्षणाच्या अखेरच्या परीक्षेची अट आणि नोटीस पीरियड (राजीनाम्यानंतर काम करत राहण्याची मुदत) ही तीन कलमे शांतपणे वाच. नोटीस अनेक ठिकाणी ९० दिवसांची असते आणि तेवढे थांबायला पुढची कंपनी सहसा तयार नसते. शिवाय ऑफर लेटर म्हणजे रुजू होण्याची तारीख नव्हे. २०२२च्या सुमारास निवड झालेल्या काही मुलांना दीड-दोन वर्षे वाट पाहावी लागली होती. तारीख येईपर्यंत अभ्यास आणि मुलाखती थांबवू नकोस.

नागपूरच्या कंपनीत शिकायला खरोखर जास्त मिळू शकते, हे मी नाकारत नाही. पण मूळ गुणपत्रिका अडकवून माणूस टिकवणाऱ्या मालकाकडे मुळीच जाऊ नकोस. पडताळणीसाठी मूळ प्रती दाखवाव्यात आणि परत घ्याव्यात, हाच रिवाज आहे. घराजवळ राहायचे असेल, तर नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातही मोठ्या आयटी कंपन्यांची केंद्रे आहेत. तुझ्या कंपनीचे तिथे असेल, तर रुजू होतानाच्या फॉर्ममध्ये पहिला पर्याय नागपूर लिही. तो मिळेलच असे नाही, म्हणून पुण्यातल्या राहण्याची चौकशी मात्र आतापासूनच करून ठेव.