सभासदत्व घेतलंस, आता मागायला शीक

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. व्यावसायिकांना एकमेकांशी जोडणाऱ्या कार्यक्रमाची वर्षाची वर्गणी एकरकमी भरलीस, ‘प्रीमियम’ सभासदांत नाव लागलं, आणि आता विचारतोस की यातून जास्तीत जास्त पदरात कसं पाडून घ्यायचं. प्रश्न वेळेवर विचारलास. बहुतेकांना तो नूतनीकरणाची मेल आल्यावर सुचतो.

आधी पैशांचं बोलून मोकळी होते. एवढे पैसे भरलेत म्हणजे जाणं होईलच, अशा भरवशावर राहू नकोस. १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी नाटकाच्या हंगामी तिकिटांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना तिकीट पूर्ण किमतीला दिलं, काहींना सवलतीत. पूर्ण पैसे मोजलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकांना गेले. दुसऱ्या अर्ध्यात तो फरक जवळपास पुसला गेला. व्यायामशाळांचं तर विचारूच नकोस. डेलाविन्या आणि मालमेंडियर यांनी २००६ साली अमेरिकेतल्या व्यायामशाळांचे आकडे मांडले, त्यात महिन्याची वर्गणी भरणाऱ्यांना एक खेप सरासरी १७ डॉलरहून महाग पडत होती. तिथेच १० डॉलरला एक खेप पडेल असा पास मिळत होता. पैशांनी आलेला हुरूप ओसरतो. तो आहे तोवर, म्हणजे पहिल्या काही महिन्यांतच, पुढे चालू राहतील अशा गोष्टी लावून घे.

आधी तुझा कार्यक्रम कुठल्या जातीचा आहे ते ओळख. काही गट रेफरलसाठी, म्हणजे एकमेकांना ग्राहक सुचवण्यासाठी असतात. १९८५ मध्ये आयव्हन मिस्नर यांनी सुरू केलेला बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) हा त्यातला सगळ्यात माहितीचा: एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद आणि हजेरीला फार महत्त्व. दुसरे असतात बरोबरीच्या मालकांचे गट, जिथे कोणी कोणाला काही विकायला येत नाही, अडचणी घेऊन येतात. व्हिस्टेज ही अमेरिकेतली संस्था १९५७ पासून हेच काम करते. तिसऱ्या प्रकारात व्याख्यानं, रेकॉर्डिंग्ज, तयार टेम्प्लेट आणि सवलती. तुझ्याकडे थोडं थोडं सगळंच असावं असं दिसतं, म्हणून कशावर वेळ घालवायचा हे तुलाच ठरवावं लागेल. माझं विचारशील तर सवलतींची यादी एकदा वाच, जे तसंही घेणारच होतास तेवढं घे आणि ती बंद कर. रेकॉर्डिंग्जचा साठा बघून दडपून जाऊ नकोस. अडलं की शोधायचं, तोवर ते तिथेच राहू दे.

सुरुवातीला कार्यक्रम चालवणाऱ्यांकडून एक ओळखीचा कॉल असतो, तो मात्र उरकून टाकू नकोस. पलीकडच्या माणसाला कोण काय करतं, कोणाचं कोणाशी जमतं हे ठाऊक असतं, आणि त्या दिवशी त्याचं लक्ष फक्त तुझ्याकडे असतं. त्याला विचार, माझ्याएवढ्या व्यवसायांपैकी कोणी या सभासदत्वाचा सगळ्यात चांगला उपयोग करून घेतला, आणि कसा? मग विचार, सोडून कोण गेले आणि का? दुसऱ्याचं सरळ उत्तर बहुधा मिळणार नाही. तो कुठे अडखळतो तेवढं ऐक.

आता मुख्य मुद्दा. वर्गणी भरून तुला मिळाला आहे तो मागण्याचा हक्क. आणि मागायचं कसं, तिथेच भलेभले गडबडतात.

मागण्याची ही रीत जुनी आहे. १७२७ साली, एकविसाव्या वर्षी, बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात ‘जंटो’ नावाचं मंडळ काढलं. दर शुक्रवारी संध्याकाळी बैठक, आणि बैठकीत विचारायच्या २४ प्रश्नांची ठरलेली यादी. कोणाचा धंदा अलीकडे बुडाला आणि कारण काय ऐकलंत? कोणाची भरभराट होते आहे, ती कशामुळे? गावात कोणी लायक परका माणूस आला आहे का, आणि मंडळ त्याच्या काय उपयोगी पडेल? तुमच्या मनात जे चांगलं काम आहे त्यात आम्ही कशी मदत करू? शेवटचा प्रश्न बघ. मागणं हा तिथे संकोचाचा विषयच नव्हता, तो कामकाजाचा भाग होता. पुढच्याच वर्षी फ्रँकलिनने भागीदारीत छापखाना उघडला, तेव्हा मंडळातल्या ब्राइंटनल नावाच्या सभासदाने त्याला क्वेकर पंथाच्या इतिहासाचे ४० फर्मे छापायचं काम मिळवून दिलं. नव्या छापखान्याला आणखी काय हवं?

पण ब्राइंटनलला नेमकं माहीत होतं की या माणसाला छपाईचं काम हवं आहे. तुझ्या गटाला तुझ्याबद्दल काय माहीत आहे? तुझं ओळखीचं वाक्य तू मला पाठवलंस: ‘मी छोट्या व्यवसायांना डिजिटल सेवा देतो.’ हे ऐकून कोणाच्याही डोळ्यांपुढे एकही चेहरा येत नाही. लोक मान डोलावतात आणि चहाकडे वळतात. त्याऐवजी असं म्हणून बघ: ‘ज्या दंतवैद्यांचे दोनपेक्षा जास्त दवाखाने आहेत आणि अपॉइंटमेंट अजून वहीत लिहिल्या जातात, त्यांचं काम मी करतो. असे कोणी तुमच्या ओळखीत आहेत का?’ आता समोरच्याला आपली दाढ काढणारा डॉक्टर आठवतो, त्याच्या टेबलावरची वही आठवते. तुझं क्षेत्र छोटं वाटेल याची धास्ती बाळगू नकोस. दंतवैद्य आठवता आठवता त्याला डोळ्यांचा डॉक्टरही आठवतो. उलटं मात्र होत नाही.

कोणी ‘ओळख करून देतो’ म्हणालं की त्याच्यावर लिहिण्याचं काम टाकू नकोस. जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा चार ओळींचा मजकूर त्याला त्याच दिवशी दे: मी कोण, तुमच्याशीच का बोलायचं आहे, वीस मिनिटं हवी आहेत, आणि सध्या जमत नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल. ही शेवटची ओळ गाळू नकोस. नकार देणं सोपं केलं की उत्तर येण्याची शक्यता वाढते, असा माझा अनुभव आहे. आणि भेट झाल्यावर, काम होवो न होवो, ज्याने ओळख करून दिली त्याला काय झालं ते कळव. त्याने तुझ्यासाठी शब्द टाकलेला असतो. पुढे काय झालं हे त्याला तिसऱ्याच माणसाकडून कळलं, तर पुन्हा तो तुझ्यासाठी तोंड उघडणार नाही.

बैठकीत नेहमीच्याच चौघांत बसायचा मोह आवर. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या लेखात बॉस्टनच्या एका उपनगरातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांचे आकडे दिले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून ती कळली असे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६, आणि क्वचित भेटणाऱ्याकडून २७.८. तुझ्या जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुतेक तुलाही ठाऊक असतं. अर्थात तो नोकऱ्यांचा अभ्यास होता, धंद्याचा नव्हे. पण कारण दोन्हीकडे तेच लागू पडतं.

छोट्या गटाची महिन्याची बैठक असेल तर तिथे ‘आमचं बरं चाललंय’ हे वाक्य घेऊन जाऊ नकोस. आकडे घेऊन जा: येणी किती थकली आहेत, कोणत्या एका ग्राहकावर किती टक्के धंदा उभा आहे, पगाराला किती महिने पुरेल. अशा अनेक गटांत ‘तू असं कर’ म्हणायला मनाई असते. ‘माझ्यावर अशी वेळ आली तेव्हा मी असं केलं’ एवढंच बोलायचं. पहिल्यांदा ते वेळखाऊ वाटेल. पण फुकटचा सल्ला सगळीकडे मिळतो, बुडता बुडता वाचलेल्याची हकिगत सगळीकडे मिळत नाही. मात्र तुझ्या ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर त्याचं नाव तिथेही काढायचं नाही, गट कितीही विश्वासू असला तरी.

देण्याचं वेगळं सांगायला नको. तुझा स्वभाव तसा आहे. फक्त हिशेब ठेवू नकोस.

आता नूतनीकरण. ते आपोआप होतं का आणि रद्द करायला किती दिवस आधी कळवावं लागतं, हे आजच करारात बघ आणि त्याच्या महिनाभर आधीची आठवण फोनमध्ये लाव. ती वाजेल तेव्हा स्वतःला दोन गोष्टी विचार: एरवी ज्यांना फोन करता आला नसता अशा कोणाला मी यंदा फोन केला? आणि इथल्या बोलण्यामुळे माझा कोणता निर्णय बदलला? दोन्हींची उत्तरं नावानिशी देता आली तर राहा. नाहीच आली तर खुशाल सोड. गेलेले पैसे वसूल करायला आणखी पैसे भरू नकोस. आणि कोणी वरच्या श्रेणीत या म्हणून गळ घातली, तर तिथली माणसं वेगळी आहेत की फक्त खुर्च्या, ते आधी विचार.

तुझी पहिली बैठक पुढच्या आठवड्यात आहे ना? ते ओळखीचं वाक्य पुन्हा लिही आणि आधी मला पाठव. मी लाल शाई घेऊन बसते.

कळावे, लोभ असावा.