दुसरी डिस्क आधी नको

अरे, 'स्पायडरमॅन २'ची दोन डिस्कवाली डीव्हीडी मिळाली म्हणतोस, तर आधी सिनेमा सलग बघून घे. मग दुसरी, सिनेमा कसा बनवला ते दाखवणारी डिस्क लाव आणि थेट खलनायक डॉक्टर ऑक्टोपसच्या भागाकडे जा. ट्रेलर-बिलर राहू देत. ही भूमिका करणाऱ्या आल्फ्रेड मोलिनाच्या पाठीवरचे ते यांत्रिक हात सगळेच कॉम्प्युटरवर केलेले नव्हते. जवळच्या बऱ्याच शॉट्समध्ये ते खरे होते आणि कठपुतळीवाले कलाकार ते हलवत होते. एकेका हातामागे किती माणसं राबतात ते नीट बघ. मारामारीची धावपळ मात्र बहुतेक कॉम्प्युटरची. हे कळल्यावर सिनेमा पुन्हा लाव आणि खरा हात कुठे संपतो ते शोध. २००५चं व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर याच सिनेमाला मिळालं!

मग कॉमेंटरी, म्हणजे सिनेमा चालू असताना तो बनवणारे त्यावर बोलतात तो ऑडिओ. दिग्दर्शक सॅम रायमी आणि नायक टोबी मग्वायरची छान आहे, पण शिकायचं असेल तर तंत्रज्ञांची दुसरी ऐक. ती ऐकताना सबटायटल्स चालू ठेव, म्हणजे संवाद बुडत नाहीत.

आणि परदेशातून डिस्क मागवताना रीजन बघच, म्हणजे ती कुठल्या प्रदेशाच्या प्लेअरवर चालते तो कोड. अमेरिकन डीव्हीडी रीजन १ची, आपले भारतातले प्लेअर ५चे. ब्लू-रेला तिकडे ए, इकडे सी.