हा नाद तुला कुणी लावला?

"मॅडम, पत्रिकेत ३६ पैकी २९ गुण जुळले होते. आणि आता रविवारी कुठं जायचं, हे एकदासुद्धा जुळत नाही."

हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! गुणांचा आकडा तेवढा बदलतो. लग्नाला चार-सहा महिने झालेले असतात. भांडण पैशावरून नसतं, सासू-सासऱ्यांवरूनही नसतं. त्याला गड चढायचे असतात, तिला पाण्याकाठी निवांत बसायचं असतं. ती पहाटे उठून धावायला जाते, तो दहापर्यंत लोळतो. थोडा वेळ बोलून झालं की आवाज खाली येतो आणि खरा प्रश्न बाहेर पडतो, "आमची निवडच चुकली का हो?"

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की एकदा त्याचं नीट उत्तर द्यावं असं वाटलं. त्यासाठी एका जोडप्याची गोष्ट सांगते. दोघांची परवानगी घेतली आहे, नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना सुमित आणि केतकी म्हणू. सुमित नाशिकचाच, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला. केतकी धुळ्याची, बँकेत नोकरी. लग्न डिसेंबर २०२४ मधलं. इंदिरानगरला सुमितच्या आईवडिलांसोबत राहतात. माझ्याकडे आले ते एप्रिल २०२५ च्या शेवटी, एका क्रिकेटच्या सामन्यानंतर.

आयपीएलमध्ये सुमित मुंबई इंडियन्सचा, केतकी चेन्नई सुपर किंग्जची. "महाराष्ट्रात जन्मून चेन्नई?" हा त्याचा ठरलेला टोमणा. तिचं उत्तरही ठरलेलं, "आमचा कॅप्टन ऋतुराज पुण्याचा. तुमचा हार्दिक बडोद्याचा. आता बोल!" २३ मार्चला चेपॉकवर चेन्नई जिंकली, तेव्हा तिनं पेढे आणून सासूबाईंनाही भरवले होते. इथपर्यंत सगळं छान होतं. मग २० एप्रिलचा रविवार आला. वानखेडेवर चेन्नईच्या १७६ धावा रोहित शर्मा आणि सूर्यकुमार यादव यांनी सोळा षटकांच्या आत पार केल्या, तेही नऊ गडी राखून. सुमितनं केतकीचा पिवळा टी-शर्ट दोरीवरून ओढला, फरशी पुसायच्या काठीला गुंडाळला आणि घरभर मिरवला. सगळे हसले. केतकी उठली, आत जाऊन दार लावून घेतलं आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

"एका मॅचवरून दोन दिवस, मॅडम!"

"मॅचवरून नाही," केतकी म्हणाली. "मॅचवरून नाही, हेच त्याला कळत नाही."

तेव्हा तर ते मलाही कळलं नव्हतं.

टी-शर्टच्या आधीचंही बरंच साठलं होतं. साखरपुडा ते लग्न या पाच महिन्यांत रोज रात्री तासतासभर फोन चालायचे. त्यानं विचारलं, "ट्रेकिंग आवडतं?" ती म्हणाली, "हो, मलाही आवडतं." तिच्या डोळ्यांसमोर होती शाळेची लळिंगच्या किल्ल्यावर गेलेली सहल. त्याच्या डोळ्यांसमोर होता हरिहर गड. जानेवारीत तो तिला आपल्या ग्रुपसोबत हरिहरला घेऊन गेला. कातळात खोदलेल्या त्या जवळजवळ उभ्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. ती मध्यावर थिजली. खालचे लोक खोळंबले, वरचे ओरडू लागले. कसंबसं खाली आल्यावर कुणीतरी विनोद केला आणि त्याला सुमितही हसला.

पुढच्या महिन्यात तिनं गंगापूर धरणाच्या बाजूला एक रिसॉर्ट ठरवलं. तोही आधी म्हणाला होता, "मलाही असं शांत बसायला आवडतं." तिथं तो दिवसभर झोपला. उठला की फोनवर ग्रुपचे फोटो.

मग दोघांनी तोडगा काढला, एक रविवार तुझा, एक माझा. हा तोडगा जवळपास सगळेच काढतात आणि मला तो मुळीच आवडत नाही. त्यातून खतावणी तयार होते. "मागच्या वेळी तुझ्यासाठी मी आले होते" असं एकदा तोंडातून गेलं, की फिरायला जाणं म्हणजे हप्ता फेडणं होतं.

लग्न ठरलेल्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे, त्या फोनवरच्या दिवसांत "मलाही" हा शब्द जपून वापरा. तो खोटेपणानं बोललेला नसतो, समोरचं माणूस आवडलेलं असतं म्हणून येतो. पण सहा महिन्यांनी त्याच "मलाही"चं "तू मला फसवलंस" होतं. "मी कधी केलं नाही, करून बघायला आवडेल" हे वाक्य तितकंच गोड आहे आणि पुढं जड जात नाही.

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांत झाली. माणसाला जे हवंसं वाटतं त्यातून त्रास कमी होतो, ते हवंच असा हट्ट धरला की त्रास वाढतो, हे त्यांचं सांगणं मला गेली अठरा वर्षं पुरलं आहे. मराठीत तर हा सगळा फरक एका "च"मध्ये मावतो. "नवऱ्यानं सोबत यावं" आणि "नवऱ्यानं सोबत यायलाच हवं." पहिलं वाक्य पूर्ण झालं नाही तर हिरमोड होतो. दुसरं पूर्ण झालं नाही तर अपमान होतो. मी दोघांना आठवडाभराचे आपापले "च" लिहून आणायला सांगितले. सुमितनं नऊ आणले, केतकीनं चौदा. त्यातला एक वाचताना दोघंही चपापले, कारण शब्दसुद्धा सारखेच होते: "प्रेम असेल तर माझी आवड त्याला किंवा तिला आवडलीच पाहिजे."

हे काम महत्त्वाचं होतं. आवाज खाली आले, टोमणे कमी झाले. पण केतकीच्या बोलण्यातली ती पहिल्या दिवशीची गाठ सुटलेली नाही, हे मला दिसत होतं.

तिसरी बैठक मेच्या मध्याला. सीमेवरच्या तणावामुळे आयपीएल आठवडाभर थांबली होती. सामने नसल्यानं दोघं जरा सैलावून बसले होते. माझ्या वहीत त्या दिवसाचं काम लिहिलेलं होतं, पुढची पायरी, पुढचा अभ्यास. पण माझ्या मनातून तो काठीला गुंडाळलेला पिवळा टी-शर्ट जाईना. मी वही मिटली.

"केतकी, हा नाद तुला कुणी लावला?"

"बाबांनी," ती पटकन म्हणाली. आणि तिथंच थांबली.

मग सावकाश सांगू लागली. २००८ ला आयपीएल सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षांची. धोनी चेन्नईत गेला म्हणून बाप-लेक चेन्नईचे झाले. आई आणि दादा झोपले, की टीव्हीचा आवाज बारीक करून दोघं शेंगा सोलत सामना बघायचे. पुढं ती शिकायला नाशिकला आली. चेन्नईचा सामना संपला की बाबांचा फोन यायचाच. २०१९ ला अंतिम सामना चेन्नई मुंबईकडूनच हरली, एका धावेनं, मलिंगाच्या शेवटच्या चेंडूवर. त्या रात्री होस्टेलच्या गच्चीवर ती आणि धुळ्यात बाबा, दोघं बराच वेळ काही न बोलता नुसते फोन धरून बसले होते. २०२३ ला जडेजानं शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारला तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता. बाबा फोनवर रडले होते.

"आणि या वर्षी?"

"या वर्षी एकदाही नाही. मी विचारलं तर म्हणाले, अगं आता सासर आहे तुझं, रात्री-अपरात्री माहेरचा फोन बरा दिसत नाही."

सुमित तिच्याकडे बघत होता. तिनं त्याच्याकडे न बघताच पुढचं सांगितलं. "त्या दिवशी हरल्यावर मी मोबाइल हातात धरूनच बसले होते. वाटलं, इतके वाईट हरलोय, आज तरी करतील. आणि तू तो टी-शर्ट... तो बाबांनी घेऊन दिलाय."

मी सुमितला सावरायला वेळ दिला. मग त्यालाही तेच विचारलं.

"मला कुणी नाही लावला. असाच लागला."

मी काहीच बोलले नाही. या कामात प्रश्न विचारण्यापेक्षा थांबणं अवघड असतं आणि ते मला बऱ्याच उशिरा जमलं.

"वायडी लागला होता, तेव्हा," तो म्हणाला.

केतकीनं मान वळवली. "कुणाला?"

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला त्याचं वर्ष गेलं होतं. मित्र पुढच्या वर्गात गेले. वडील जेवताना बोलेनासे झाले. एका रविवारी शेजारचा मुलगा रामशेज किल्ल्यावर निघाला होता, हा घरात बसवत नाही म्हणून त्याच्या गाडीवर बसला. "वर दहा-बारा जण होते, सगळे अनोळखी. एकानं भाकरी दिली, एकानं ठेचा. एकानंही विचारलं नाही, कितव्या वर्षाला आहेस." तो ग्रुप म्हणजे हीच माणसं. लग्नानंतर केतकी रागावते म्हणून ज्यांचे फोन तो उचलत नव्हता, ती.

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"बायोडेटात पास झाल्याचं वर्ष होतं. वाटलं, कळलं असेल."

"मी वर्षं मोजत बसले नव्हते रे!"

ती चिडली, आणि तिचं चिडणं रास्त होतं. त्या दिवशी माझ्या खोलीत काही दिलजमाई झाली नाही. दोघं गप्पच उठले. मी दार लावत होते तेव्हा जिन्यावरून केतकीचा आवाज आला, "रामशेजला पण तसल्या पायऱ्या आहेत?"

त्या संध्याकाळी मी बराच वेळ तशीच बसून होते. इतकी वर्षं मी जोडप्यांना काय विचारत आले? छंद कुठला, आठवड्याला किती वेळ जातो, किती पैसे जातात. हिशेबाचे प्रश्न. नाद म्हणजे नुसती वेळ घालवायची गोष्ट नसते. त्याच्यामागं बहुतेक वेळा एखादं माणूस असतं, नाहीतर आयुष्यातला एखादा वाईट काळ असतो, ज्यातून त्या नादानं बाहेर काढलेलं असतं. जोडीदार त्या नादाला हसला, तर हसू त्या माणसापर्यंत पोचतं, आणि हसणाऱ्याला ते माणूस दिसतच नसतं. केतकीनं मुंबईचं होण्याची गरज नव्हती, सुमितनं पिवळा टी-शर्ट घालण्याचीही नव्हती. शेंगा सोलणारे बाबा त्याला भेटायला हवे होते, ठेचा देणारी माणसं तिला.

हा प्रश्न आता मी पहिल्याच बैठकीत विचारते, आणि तो क्वचितच वाया जातो, हे समाधानानं सांगते. पहाटे धावणारी एक मुलगी होती, नवरा वैतागलेला. तिनं सांगितलं, आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत हिनं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा आजीनं पेपरमधला फोटो कापून भिंतीवर चिकटवला होता. नवऱ्यानं तो फोटो अनेकदा पाहिला होता. तिथं कुणी चिकटवला, हे विचारलं नव्हतं.

आता रविवारचं. सुमित-केतकीनं खतावणी फाडली. महिन्यातला एक रविवार सुमित ग्रुपसोबत जातो. त्या दिवशी केतकी त्याची वाट बघत घरी बसत नाही, मैत्रिणींसोबत मिसळ खायला जाते नाहीतर धुळ्याची एसटी धरते. सुरुवातीला सुमितच्या आईनं विचारलंच, "बायकोला सोडून एकटाच कसा जातोस?" इथं मी सुमितला निक्षून सांगितलं होतं, याचं उत्तर तू द्यायचंस, केतकीनं नाही. ज्याची आई, त्यानं बोलावं. नव्या सुनेला आपल्या मोकळ्या रविवारचा खुलासा द्यायला लावू नये.

एक रविवार दोघांचा, शक्यतो अशा ठिकाणी जिथं दोघंही नवखे असतील. याचा मला फार चांगला अनुभव आहे. डिसेंबरात दोघं निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला गेले. २०२० मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ठिकाण, आपल्यापासून तास-दीड तासावर, आणि निम्म्या नाशिककरांनी पाहिलेलं नसतं. दोघांनाही बदक आणि बगळा यापलीकडे एक पक्षी ओळखता येत नव्हता. हरिहरवर तो वाटाड्या होता आणि ती ओझं. इथं दोघं मिळून चुकत होते, दुर्बिणीसाठी भांडत होते.

चिडवण्याचा नियम त्यांनी स्वतःच केला: सामना चालू असताना हवं ते बोलावं, हरल्यावर दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत गप्प. मला तो इतका आवडला, की मी पुढच्या जोडप्यांनाही सांगते.

एक मात्र वेगळं काढून ठेवते. आवडीच्या नावाखाली सामन्यांवर पैसे लावले जात असतील, ट्रेकच्या नावाखाली दर आठवड्याला दारू होत असेल, किंवा एकाच्या आवडीपायी दुसऱ्याचे मित्र-मैत्रिणी, पगार, माहेर तोडलं जात असेल, तर तो आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. तिथं "समजून घे" हा सल्ला घातक असतो. तिथं वेळेवर मदत घ्यावी, एकट्यानं घ्यावी लागली तरी.

सांगायचं राहिलं ते २५ मेचं. पुढच्या बैठकीत सुमितनंच सांगितलं. त्या वर्षी चेन्नई गुणतक्त्यात तळाला होती. शेवटचा सामना रविवारी दुपारी अहमदाबादला, गुजरातविरुद्ध. चेन्नई ८३ धावांनी जिंकली. सामना संपला तसा सुमितनं स्वतःच्या मोबाइलवरून धुळ्याला फोन लावला.

"बाबा, जिंकलो आपण."

पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग सासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही तर मुंबईचे ना?"

"हो. पण तुम्ही फोन करणं बंद केलंत, म्हणून मला करावा लागला."

आणि त्यानं मोबाइल केतकीच्या हातात दिला. पाऊण तास चालला म्हणे फोन. तिचा चहा त्याला दोनदा गरम करावा लागला.