बंदूक पोलिसांकडे असली तरी ती विकण्याचा हक्क वडिलांचाच

राधानगरी तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक १९८९ पासून वडिलांच्या परवान्यावर होती. २०२० मध्ये बांधावरून भावकीत मारामारी झाली, फिर्याद दाखल झाली आणि पोलीस घरी येऊन बंदूक घेऊन गेले. मारामारीत ती कुणी वापरली नव्हती. २०२१ मध्ये परवाना रद्द झाला. २०२३ मध्ये वडिलांना एक वर्षाची कैद सुनावली गेली. अपील सत्र न्यायालयात आहे, शिक्षेला स्थगिती आहे. आता जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस आली आहे: बंदूक सरकारजमा का करू नये, याचा खुलासा करा. नोटीस मिळून पंधरा दिवस झाले. वाचकाचे प्रश्न दोन. खंडेनवमीला पुजलेली ही बंदूक परत मिळेल का? आणि पोलीस अशा बंदुकांचे पुढे करतात काय?

आजरा, भुदरगड, शाहूवाडीकडूनही अशी पत्रे येतात. बहुतेकांचा प्रश्न ‘परत मिळेल का’ एवढाच असतो. पोलिसांनी दिलेल्या पावतीची प्रत मात्र क्वचितच कुणी जोडतो. या वाचकांनी ती जोडली आहे आणि तिच्यामुळेच काहीतरी ठोस सांगता येते.

परवाना रद्द होणे वाईट, शिक्षा होणे त्याहून वाईट, पण यातल्या कशानेच बंदुकीची मालकी आपोआप संपत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधले कलम २१ नीट वाचा. परवान्याची मुदत संपली, तो निलंबित झाला, रद्द झाला किंवा इतर कोणत्याही कारणाने शस्त्र जवळ बाळगणे बेकायदा ठरले, तर ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे, असे पहिले पोटकलम सांगते. ते सगळ्यांना ठाऊक असते. दुसरे पोटकलम फारसे कुणी वाचत नाही आणि तुमचे सगळे प्रकरण त्यावरच उभे आहे. जमा करणाऱ्याला, किंवा तो वारला असेल तर त्याच्या कायदेशीर वारसाला, नियमांनी ठरवलेल्या मुदतीत दोन हक्क असतात. पुन्हा शस्त्र बाळगण्यास पात्र ठरल्यास ते परत घेणे, हा एक. दुसरा म्हणजे ते बाळगण्यास पात्र असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला विकणे किंवा अन्य प्रकारे देणे, आणि विक्रीचे पैसे स्वतः घेणे.

पहिला हक्क वडिलांच्या हातून गेला आहे, असे धरून चाला. कलम ९ प्रमाणे हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्या माणसाला ती शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षे बंदूक बाळगता येत नाही. शिक्षा संपल्यानंतर, हे शब्द लक्षात घ्या. वडिलांच्या शिक्षेला स्थगिती आहे, म्हणजे ती अजून भोगून झालेली नाही. मग पाच वर्षे मोजायला सुरुवात तरी कुठून करणार? शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणून दोषसिद्धी थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा. अपिलात निर्दोष सुटले तर गोष्ट वेगळी. पण २०२३ चे अपील अजून युक्तिवादाला आलेले नाही, असे तुम्हीच लिहिता. एका वर्षाच्या शिक्षेविरुद्धचे अपील इतकी वर्षे पडून राहते आणि एक्काहत्तर वर्षांच्या माणसाचे सगळे व्यवहार त्यापायी अडतात. याची मला मनापासून चीड येते. अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, लवकर घेण्याचा अर्ज तुमच्या वकिलांनी दिला आहे का? दिला नसेल तर याच आठवड्यात द्यायला सांगा, वडिलांचे वय त्यात ठळकपणे लिहा. मात्र बंदुकीचा निर्णय त्या अपिलावर सोडू नका. नोटिशीची मुदत त्याच्यासाठी थांबणार नाही.

दुसरा हक्क, म्हणजे विकण्याचा किंवा देण्याचा, कलम ९ ने जात नाही. वडिलांना बंदूक जवळ ठेवता येत नाही, पण पात्र माणसाच्या हाती ती सोपवायला कायदा त्यांना अडवत नाही.

आता मुदतीबद्दल. बंदूक २०२० पासून ठाण्यात आहे. दुसऱ्या पोटकलमातला हक्क नियमांच्या मुदतीतच वापरायचा असतो आणि ती उलटून गेली, असे कार्यालय म्हणणार. म्हणून तर ही नोटीस आली. मुदतीत परत न घेतलेली किंवा न विकलेली शस्त्रे जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्याच, आदेशाने सरकारजमा होतात, हे तिसरे पोटकलम. पण चौथे पोटकलम त्यांनाही बांधून ठेवते. आधी लेखी नोटीस, ती बजावल्यापासून तीस दिवसांत खुलासा करण्याची संधी, खुलाशाचा विचार आणि मगच आदेश. म्हणून तुमच्याकडे उरलेले पंधरा दिवस हाच आजचा सगळ्यात मोठा आधार आहे. नोटीस कपाटात ठेवून पंधरा दिवस घालवले, हे वाचून मी अस्वस्थ झालो. अशा नोटिशीला उत्तर न देणे म्हणजे सरकारजमा करायला हरकत नाही, असे स्वतःच्या हाताने लिहून देण्यासारखे आहे.

खुलासा वडिलांच्या सहीचा हवा, तुमच्या नव्हे. बंदूक कोणत्या तारखेला, कोणत्या ठाण्यात जमा झाली ते लिहा आणि पावतीची प्रत जोडा. परत घेण्याची किंवा विकण्याची मुदत चालू आहे, असे या वर्षांत कुणी लेखी कळवले नाही, हे खरे असेल तरच लिहा. खोटे लिहू नका, कार्यालयाची फाईल तुमच्यासमोर उघडली जाईल. मग स्पष्ट मागणी करा: बंदूक कलम २१(२) प्रमाणे अमुक परवानाधारकाला विकण्याची किंवा देण्याची परवानगी मिळावी आणि तोवर सरकारजमा करण्याचा आदेश करू नये. ‘अमुक’ च्या जागी नाव आलेच पाहिजे. घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत आणि त्याचे संमतीपत्र जोडा. कोल्हापुरातला परवानाधारक शस्त्रविक्रेता असेल तर सर्वांत सोपे. दुसरा परवानाधारक शेतकरी असेल तर त्याच्याकडे आधीच दोन बंदुका नाहीत ना, हे पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, पूर्वी ही मर्यादा तीन होती. स्वतःजवळच्या बंदुकीच्या नेहमीच्या विक्रीत कलम ५ प्रमाणे घेणाऱ्याचे नाव-पत्ता देऊन लेखी कळवावे लागते आणि पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. ठाण्यात जमा असलेल्या बंदुकीला ही अट तशीच लावावी का, यावर मतभेद होऊ शकतो. त्यात अडकू नका, परवानगी थेट जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे मागा म्हणजे तो प्रश्नच उरत नाही.

खुलासा स्वतः नेऊन द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. टपालाने पाठवून ‘मिळाला असेल’ म्हणत बसू नका.

मुदत उलटली तरी मागणी मान्य होईल का? खात्री देणार नाही. खुलासा विचारात घेऊन योग्य तो आदेश करण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आहे. बंदूक गुन्ह्यात वापरलेली नसणे, पाच वर्षे काही आगळीक न होणे, घेणारा माणूस परवानाधारक असणे या बाबी तुमच्या बाजूच्या आहेत. आदेश विरुद्ध गेला तरी सहावे पोटकलम उरते. सरकारजमा झालेली वस्तू किंवा तिच्या विक्रीचे पैसे पूर्णतः वा अंशतः परत देण्याचा अधिकार शासनाला केव्हाही आहे. खुलासा न वाचताच आदेश झाला असेल तर उच्च न्यायालयात रिट करता येईल. ऑगस्ट २०२५ पासून त्या न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच बसते, त्यासाठी मुंबईला जायला नको. तरीही एका जुन्या बंदुकीसाठी रिटचा खर्च करायचा का, हे घरात बसून ठरवा. मी तरी आधी खुलासा नीट करण्यावर सगळा जोर लावीन.

हे सगळे एका अटीवर. बंदूक फिर्यादीत मुद्देमाल म्हणून जप्त झालेली नसावी. पावतीवर ‘जमा’ असा शब्द आहे, म्हणून मी कलम २१ धरून चाललो आहे. पण पंचनाम्यात ती मुद्देमाल म्हणून दाखवली असेल तर वाट बदलते. तेव्हा निकालपत्राची नक्कल घेऊन शेवटचा परिच्छेद वाचा. मुद्देमालाचे काय करायचे ते तिथे असते, आणि आरोपी-वकील दोघेही शिक्षेच्या ओळीपाशीच थांबतात म्हणून ते वाचायचे राहून जाते. अपिलाची मुदत संपल्यावर विल्हेवाटीसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे, असे शस्त्रांबाबत अनेकदा लिहिलेले आढळते. तसे असेल तर मागणी आधी अपील न्यायालयात करावी लागेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, खटला चालू असतानाच्या मुद्देमालाला कलम ४९७ आहे, निकालानंतरच्याला ४९८. शस्त्र कायद्याखालीच शिक्षा झाली असेल तर न्यायालय कलम ३२ प्रमाणे शस्त्र जप्त करू शकते आणि मग कलम २१ चा विक्रीचा हक्क उरत नाही. तुमच्या वडिलांवर शस्त्र कायद्याचे कलम नव्हते, असे पत्रावरून दिसते. दोषारोपपत्रावर एकदा खात्री करून घ्या.

पत्रात शेवटी सहज लिहिलेली ओळ वाचून मात्र मी घाबरलो. ‘काडतुसांचा एक डबा अजून माळ्यावर आहे.’ हे आजच्या आज निस्तरा. कलम २१ बंदुकीइतकेच काडतुसांनाही लागू आहे. ती जमा न करणे हा कलम २५ खालचा वेगळा गुन्हा आहे, त्याला कैद आहे. स्वतः डबा पिशवीत घालून एसटीने ठाण्यात नेऊ नका. वकिलामार्फत ठाण्याला लेखी कळवा, काडतुसे मोजून ताब्यात द्या आणि आकड्यासह पावती घ्या. डबा विहिरीत टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. भावकीशी वाद चालू असलेल्या घरात अशी गोष्ट लपून राहत नाही.

परवाना रद्द केल्याविरुद्ध आता अपील करावे का, असेही विचारले आहे. अपिलाची मुदत तीस दिवसांची होती, ते पुण्याला विभागीय आयुक्तांकडे जाते. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण इतक्या वर्षांचे कारण काय सांगणार? शिवाय जिंकलात तरी कलम ९ आडवे आहेच. त्यात पैसे घालवू नका. परवाना रद्द न होता नुसता निलंबित असता तर निलंबनाच्या काळात बंदूक सरकारजमा करताच येत नाही, म्हणून आदेशातला शब्द एकदा डोळ्यांनी पाहा. कार्यालयातून तोंडी ऐकलेल्यावर विसंबू नका.

ही बंदूक घरातच राहू शकते का, तर शक्य आहे, पण तुमच्या परवान्यावर. पीकसंरक्षणाचे कारण खरे असेल, रानडुकरे आणि गवे तुमच्या शिवारात येत असतील तर सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे जोडून अर्ज करा. शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण आणि पोलीस अहवाल लागेल. मारामारीच्या त्या फिर्यादीत तुमचेही नाव आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. असेल तर सार्वजनिक शांततेच्या कारणावरून नकार येण्याची शक्यता मोठी. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांतता राखण्यासाठीच्या प्रतिबंधक कारवाईत, तुमच्याकडून बंधपत्र लिहून घेतले असेल तर त्या बंधपत्राच्या मुदतीत तुम्हीही कलम ९ मध्ये बसता. नुसती नोटीस आली असेल तर नाही. पंधरा दिवसांत परवाना मिळणार नाही, म्हणून खुलाशात स्वतःचे एकट्याचे नाव घालू नका. विक्रेत्याचे किंवा दुसऱ्या परवानाधारकाचे नाव हवेच. तुमचा अर्ज दाखल असेल तर त्याचा क्रमांक जोडीला द्या.

२०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाला सत्तर वर्षे झाल्यावर किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षे बाळगल्यावर, यातले जे आधी होईल तेव्हा, त्याने सुचवलेल्या वारसाला परवाना देण्याची सोय आहे. वडिलांची पंचवीस वर्षे २०१४ मध्येच पूर्ण झाली होती. नियम आल्यावर भांडणापूर्वी चार वर्षे हातात होती. तेव्हा एक अर्ज केला असता तर हे पत्र लिहावे लागले नसते. ज्या घरांत वडिलांच्या नावावर जुना परवाना अजून चालू आहे, त्यांनी हा नियम आजच वाचावा.

पोलीस करतात काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. जमा बंदूक ठाण्याची होत नाही. ती वापरायचा किंवा परस्पर विकायचा अधिकार ठाण्याला नाही, नोंद मात्र असलीच पाहिजे. सरकारजमा झाल्यावर तिचे काय करायचे ते सरकार ठरवते, तुमच्या इच्छेला तिथे जागा उरत नाही. तोवर ती ओलीत गंजू शकते. म्हणून नोंदीचा क्रमांक मिळवा, बंदुकीवरचा क्रमांक पावतीशी ताडून पाहा आणि दोन्ही क्रमांक खुलाशात लिहा. नोटीस, पावती, परवाना रद्द केल्याचा आदेश आणि निकालाची नक्कल ही चारही कागदपत्रे घेऊन सोमवारी वकिलाकडे जा. नक्कल अजून मिळाली नसेल तर नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या, पण खुलासा तिच्यासाठी थांबवू नका.