‘ईलम’ की ‘ईळम’, आणि ‘लिट्टे’ म्हणजे काय?

‘ईलम’ या शब्दाचा अर्थ ‘स्वतंत्र राष्ट्र’ असा आहे का, मराठीत तो ईलम लिहावा की ईळम, आणि ‘लिट्टे’ हा तमिळ शब्द आहे का, असं आपण विचारलं आहे. तिसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी देतो.

श्रीलंकेत वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढलेल्या सशस्त्र संघटनेचं ‘लिट्टे’ हे नाव तमिळ नाही. ‘लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम’ या इंग्रजी नावाची चार आद्याक्षरं आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी सलग वाचली आणि त्यातून हा शब्द घडला. चेन्नईत किंवा श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या जाफन्यात ‘लिट्टे’ म्हटलं तर समोरचा गोंधळेल. संघटनेचं तमिळ नाव ‘तमिळीळ विडुदलैप् पुलिगळ’. पुली म्हणजे वाघ, पुलिगळ हे त्याचं अनेकवचन. विडुदलै म्हणजे सुटका. ‘विडु’, म्हणजे सोडणे, या धातूपासून आलेला हा शब्द तुरुंगातून सुटण्यालाही वापरतात आणि देशाच्या मुक्तीलाही. बोलताना लोक नुसतं ‘पुलिगळ’ म्हणत, जाफन्याकडे ‘इयक्कम’ म्हणजे चळवळ म्हणत, आणि सुरुवातीच्या काळात तर ‘पोडियंगळ’ म्हणत, म्हणजे पोरं. ‘आपली पोरं’ या अर्थाने. हा जिव्हाळा पुढे कसा आटत गेला, ते खाली येईलच.

आता ईळम. या शब्दाचा अर्थ ‘स्वतंत्र राष्ट्र’ नाही, ‘मुक्त भूमी’ नाही, ‘मातृभूमी’सुद्धा नाही. ते श्रीलंका या संपूर्ण बेटाचं जुनं तमिळ नाव आहे. संगमकालीन, म्हणजे प्राचीन तमिळ साहित्यातल्या, ‘पट्टिनप्पालै’ या काव्यात कावेरीच्या मुखावरच्या बंदरात उतरलेल्या मालाची यादी येते. समुद्रातून आलेले घोडे, मिऱ्यांची पोती, दक्षिणेचे मोती, पूर्वेचं पोवळं, गंगेकाठचा माल, आणि त्यातच ‘ईळत्तु उणवु’, म्हणजे ईळमहून आलेलं धान्य-खाणं. पुढे हजार वर्षांनी राजराज चोळाच्या शिलालेखांत त्याने जिंकलेल्या मुलखांत ‘ईळमंडलम्’ येतं. इथेही अर्थ तोच, समुद्रापलीकडचं बेट.

व्युत्पत्तीबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं की पाली ‘सीहळ’ या शब्दाचं तमिळमध्ये ‘ईळम’ झालं. तमिळ उसन्या शब्दांतला सुरुवातीचा स किंवा श गाळते, हे इतरत्रही दिसतं: आपला श्रावण तिथे ‘आवणि’ होतो, सहस्र ‘आयिरम्’ होतं. तसंच सीहळचं ईळ. दुसरं मत हे मानत नाही. तमिळमध्ये ईळम या शब्दाला ताडी आणि सोनं असेही अर्थ आहेत, आणि शब्द मुळातच द्राविड असावा असं त्या बाजूचं म्हणणं. मला पहिलं मत जास्त पटतं, कारण ध्वनींचा हिशेब नीट जुळतो. आणि ते खरं असेल तर ज्या नावासाठी सव्वीस वर्षं युद्ध झालं, ते नाव आणि ‘सिंहल’ हे नाव एकाच मुळाची दोन रूपं ठरतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही ईळम या शब्दात फुटून निघण्याचा वास नव्हता. 1930 मध्ये जाफन्याकडे ‘ईळकेसरी’ नावाचं साप्ताहिक निघालं. मराठी वाचकाला त्यातला ‘केसरी’ लगेच ओळखू येईल. त्या नावाचा अर्थ ‘सिलोनचा सिंह’ एवढाच. श्रीलंकेतल्या तमिळ साहित्याला ‘ईळत्तु इलक्कियम्’ म्हणणं हेही असंच साधं, भौगोलिक. मग वेगळं राष्ट्र कुठून आलं? ते आलं ‘तमिळ’ या विशेषणातून. ‘तमिळ ईळम’ म्हणजे ईळमचा तमिळ भाग, बेटाचा उत्तर आणि पूर्व प्रांत. फाळणीची रेघ ‘तमिळ’ या शब्दावर आहे, ‘ईळम’वर नाही. म्हणून मराठीत नुसतं ‘ईलमची मागणी’ लिहिलं जातं तेव्हा मला ते अपुरं वाटतं. निदान पहिल्या उल्लेखात तरी ‘तमिळ ईळम’ असं पूर्ण लिहावं.

ही मागणी बंदूकवाल्यांनी शोधली नव्हती, हेही इथे सांगायला हवं. 1956 मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला. 1958 ला दंगल झाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठ प्रवेशात तमिळ माध्यमाच्या मुलांना जास्त गुण लागतील अशी पद्धत आली, आणि 1972 च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं. मग 14 मे 1976 रोजी जाफन्याजवळच्या वट्टुकोट्टै इथे तमिळ संयुक्त मुक्ती आघाडीने वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला आणि 1977 च्या निवडणुकीत त्याच मुद्द्यावर 18 जागा मिळवून ती संसदेत प्रमुख विरोधी पक्ष झाली. वकील, शिक्षक, खासदार अशी ही माणसं. ‘फुटीर’ हा शब्द त्यांना लागू होईल, ‘दहशतवादी’ होणार नाही. आपल्याकडे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, ते टाळायला हवं. फुटीर हा शब्द उद्दिष्ट सांगतो, दहशतवादी हा शब्द मार्ग सांगतो. वाघांना दोन्ही लागू पडतात. वट्टुकोट्टैला जमलेल्या सगळ्यांना नाही.

वेलुपिळ्ळै प्रभाकरनने 1972 मध्ये ‘पुदिय तमिळ पुलिगळ’, म्हणजे नवे तमिळ वाघ, अशी टोळी उभी केली आणि 5 मे 1976 रोजी तिला ‘तमिळीळ विडुदलैप् पुलिगळ’, म्हणजे आपली ‘लिट्टे’, हे नवं नाव दिलं. श्रीलंकेच्या जंगलात बिबट्या आहे, वाघ नाही. हा वाघ चोळांच्या ध्वजावरचा. समोर सिंहली ध्वजावर सिंह होताच, आणि सिंहल या नावातही सिंहच. सिंहली लोक वाघांना ‘कोटि’ म्हणत आणि संघटनेच्या सिंहली नावात ‘विमुक्ति’ हा शब्द येई. गंमत नव्हे, गांभीर्याने घ्यावं असं हे साम्य आहे: 1971 मध्ये आणि पुन्हा 1987 ते 89 मध्ये दक्षिणेत सशस्त्र उठाव करणाऱ्या सिंहली तरुणांच्या पक्षाचं नावही ‘जनता विमुक्ति पेरमुण’. एकाच देशात दोन टोकांची पोरं एकच संस्कृत शब्द घेऊन मरायला आणि मारायला निघाली होती.

या संघटनेच्या शब्दसंग्रहातले दोन शब्द मराठी माणसाला फार जवळचे आहेत. पहिला ‘कुप्पी’. लढवय्यांच्या गळ्यात सायनाइडची काचेची नळी असे, पकडले गेलो तर चावायची. तिला ते कुप्पी म्हणत. आपली अत्तराची कुपी, तोच शब्द. दुसरा ‘नडुकल्’. नडु म्हणजे रोवणे, कल् म्हणजे दगड. लढाईत पडलेल्या वीरासाठी रोवलेला दगड, म्हणजे आपला वीरगळ. त्यातला ‘गळ’ हा कन्नड ‘कल्लु’, तमिळ ‘कल्’चा सख्खा भाऊ. तमिळ हिंदूंमध्ये दहनाची रीत असताना वाघांनी आपल्या मृतांना पुरायला सुरुवात केली, त्या जागांना ‘तुयिलुम् इल्लम्’, म्हणजे निद्रागृह, असं नाव दिलं, आणि ज्यांचे देह मिळाले नाहीत त्यांच्यासाठी नडुकल् उभे केले. मेलेल्याला ‘मावीरर्’ म्हणायचं, महावीर. 27 नोव्हेंबर 1982 रोजी पहिला लढवय्या गेला, त्या तारखेला 1989 पासून मावीरर् दिन पाळला जाऊ लागला. संगम काव्यातली वीरपूजा इतक्या जाणीवपूर्वक उचलून आधुनिक युद्धाला जोडल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. आत्मघाती पथकाचं नावही असंच घडवलेलं: ‘करुंपुलिगळ’, काळे वाघ. त्यांचा पहिला हल्ला 5 जुलै 1987 चा, नेल्लियडी इथल्या लष्करी तळावर स्फोटकांनी भरलेला ट्रक घालून केलेला.

पण ज्या शब्दाने सर्वांत जास्त तमिळ माणसं मारली तो वेगळाच आहे: ‘तुरोगी’. म्हणजे आपला ‘द्रोही’. 27 जुलै 1975 रोजी जाफन्याचे महापौर आल्फ्रेड दुरैयप्पा यांना देवळाच्या दारात गोळ्या घातल्या, तेव्हापासून हा शिक्का चालू झाला. ते सरकारी पक्षाचे होते, एवढं कारण पुरलं. 1986 मध्ये ‘टेलो’ या दुसऱ्या तमिळ सशस्त्र गटाची पोरं रस्त्यारस्त्यांवर मारली गेली आणि त्यांचा नेता श्री सबारत्नमही. 13 जुलै 1989 रोजी कोलंबोत अमिर्तलिंगम यांचा खून झाला, वट्टुकोट्टै ठरावाच्या आघाडीचे नेते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या रजनी तिराणगम यांना सायकलवरून घरी जाताना गोळ्या घातल्या. वाघांच्या आणि सैन्याच्या, दोघांच्या अत्याचारांची त्या नोंद ठेवत होत्या. 1990 मध्ये चेन्नईत दुसऱ्या एका तमिळ गटाचे नेते पद्मनाभा, 1999 मध्ये कोलंबोत खासदार नीलन तिरुचेल्वम. सगळे तमिळ. ‘पोडियंगळ’ म्हणणाऱ्या घरांत हळूहळू हळू आवाजात बोलायची सवय लागली ती इथून. ऑक्टोबर 1990 मध्ये उत्तर प्रांतातल्या मुसलमानांना, जे घरात तमिळच बोलत, काही तासांच्या मुदतीत हाकलून दिलं. सत्तर हजारांच्या आसपास माणसं. ‘विडुदलै’ हा शब्द ज्या संघटनेच्या नावात होता तिने हे केलं, आणि त्या शब्दाचा विचार करताना हे बाजूला ठेवता येत नाही.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब तितकाच काळा आहे. 1981 मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जाळलं गेलं, सुमारे 97,000 पुस्तकं आणि ताडपत्रं गेली. त्याच रात्रींत ‘ईळनाडु’ या दैनिकाची कचेरीही जळाली. जुलै 1983 मध्ये वाघांनी 13 सैनिक मारल्यावर कोलंबोत तमिळांची घरं आणि दुकानं मतदारयाद्या हातात घेऊन शोधून जाळली. 2009 च्या मे महिन्यात मुळ्ळिवाय्क्कालच्या चिंचोळ्या किनारपट्टीवर युद्ध संपलं, प्रभाकरन मारला गेला. त्या अखेरच्या महिन्यांत 40,000 पर्यंत नागरिक गेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने म्हटलं. सैन्याने निर्धोक जाहीर केलेल्या भागावर तोफा डागल्या, आणि वाघांनी पळू पाहणाऱ्या आपल्याच लोकांवर गोळ्या झाडल्या.

मराठीत हे सारे शब्द शिरले ते मुख्यतः 1987 ते 1991 या काळात, भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेच्या आणि नंतर श्रीपेरुंबुदूरच्या, म्हणजे राजीव गांधींच्या हत्येच्या, बातम्यांतून. शांतिसेनेत सुमारे 1,200 भारतीय जवान गेले. परमवीरचक्राचे मानकरी मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले, 8 महार पलटणीचे. 25 नोव्हेंबर 1987 रोजी ते वाघांशी लढताना पडले. तेव्हाच्या बातम्या इंग्रजी तारांवरून येत, म्हणून ‘ईलम’ हे ल-चं रूप रुजलं.

ते बदलावं असं माझं स्पष्ट मत आहे. या शब्दातलं मधलं अक्षर तमिळचं ते खास अक्षर आहे, ज्याचा उच्चार ळ आणि य यांच्या मधला, जीभ मागे वळवून होतो. आपल्याकडे तो ध्वनी नाही. पण तेच अक्षर ‘तमिळ’ या शब्दाच्या शेवटी आहे, ‘चोळ’ या नावात आहे, जाफन्याच्या ‘याळ्प्पाणम्’ या तमिळ नावात आहे, ‘कनिमोळी’ या नावातही आहे. या सर्वांना आपण ळ लावतो. मग ‘तमिळ ईलम’ लिहिताना पहिल्या शब्दात ळ आणि दुसऱ्यात ल कशासाठी? हिंदीला ळ नाही, तिची अडचण समजते. आपल्याला ती नाही.

अनुवाद करताना आणखी एक काळजी घ्यावी. ‘ईळत्तमिळर्’ हा शब्द तमिळनाडूत आणि परदेशस्थ तमिळांत श्रीलंकेतल्या तमिळांसाठी वापरतात, आणि वापरणारा प्रत्येक जण वाघांचा समर्थक असतोच असं नाही. उलट चहाच्या मळ्यांवर काम करायला इंग्रजांनी नेलेल्या तमिळांचे वंशज स्वतःला ‘मलैयगत् तमिळर्’, डोंगराळ मुलखातले तमिळ, म्हणवतात. वेगळ्या राष्ट्राच्या मागणीपासून त्यांचे नेते तोंडमान दूरच राहिले, कारण त्यांची वस्ती त्या नकाशात नव्हतीच. या दोघांना मराठीत एकच नाव देऊ नये. दोघांसाठी मिळून शब्द हवा असेल तर ‘श्रीलंकेतले तमिळ’ हा पुरेसा आहे.