पेन कोणी खोचलं?

ताई,
गेले आठ महिने मी रोज रात्री कृतज्ञतेची वही लिहिते. पाच गोष्टी, न चुकता. मध्ये दोनदा पेन संपलं, पण दुसऱ्या दिवशी वहीत नवं खोचलेलं होतं, त्यामुळे खंड पडला नाही. सुरुवातीला छान वाटायचं, आता मात्र आतून कोरडंच वाटतं. मुलगी शिकायला बाहेर, घरात आम्ही दोघंच. यांनाही लिहायला सांगितलं तर ‘मला नाही जमत असलं’ म्हणून कूस बदलतात. अशा माणसासोबत राहून मन सकारात्मक ठेवायचं तरी कसं? नमुन्यादाखल वहीचं एक पान पाठवते आहे.
– एक वाचक

अहो बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या पेनापाशी अडले.

‘नवं खोचलेलं होतं.’ शाळेत कर्ता कसा शोधायला शिकवलं होतं? क्रियापदाला ‘कोणी?’ असं विचारायचं. विचारा की मग! घरात माणसं दोन. तुम्ही स्वतः ठेवलं असतं तर ‘मी नवं घेतलं’ असं लिहिलं असतं. उरलं कोण? रात्री संपलेलं पेन तुम्ही झटकलं असेल, कागदाच्या कोपऱ्यावर गिरगटून पाहिलं असेल, शेवटी वैतागून वही मिटली असेल. हे सगळं कूस बदललेल्या माणसाने ऐकलं. सकाळी आठवणीने पेन आणलं, वहीत खोचलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तेही दोनदा.

आता तुमचं पान बघू. आजचा दिवस. मोकळा श्वास. चांगलं आरोग्य. सूर्यप्रकाश. विश्वाची साथ. एवढ्या मोठ्या विश्वाची दखल घेतलीत आणि वहीपासून हातभर अंतरावर झोपलेला माणूस तेवढा राहून गेला.

मी चिडले आहे, ते लपवत नाही. कृतज्ञ हा शब्द जरा उलगडून बघा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कुणीतरी काहीतरी केलं, आणि ते आपण जाणलं. तुमच्या पानावर ‘आहे’ खूप आहे, ‘केलं’ एकदाही नाही. आपल्याकडे काय काय आहे याची ती मोजदाद झाली. ती रोज केली की काही दिवसांनी कोरडी पडते, यात मला तरी नवल वाटत नाही.

वही खोटी आहे असं मात्र समजू नका. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात विद्यार्थ्यांच्या एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटलेल्या पाचेक गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आपलं आयुष्य अधिक बरं वाटू लागलं, पुढच्या आठवड्याबद्दल आशाही जास्त वाटली. आणि त्यांच्या नोंदींत कोण कोण होतं? मित्रांचा उदारपणा होता, आईवडील होते. कुणीतरी तर रोलिंग स्टोन्स या बँडचेही आभार मानले होते. तेवढीही माणसं तुमच्या पानात नाहीत हो.

तेव्हा आज रात्री वही उघडायची नाही. हे कूस बदलायच्या आत त्यांना म्हणा, “पेन तुम्ही ठेवलंत ना? दोन्ही वेळा. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी बोलले नाही.” बस, एवढंच. ‘धन्यवाद’ म्हणू नका. तो शब्द आभारप्रदर्शनातला, लोक चपला शोधत असताना म्हणायचा. आणि त्याच दमात ‘तुम्हीही लिहा ना वही’ असं तर मुळीच जोडू नका. तुमची खोड मला पत्रातून कळली आहे.

इतक्या वर्षांच्या संसारात असलं काही बोलायचं म्हणजे अवघडल्यासारखं होईल, हे मला माहीत आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 साली नेमकं हेच तपासलं. त्यांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग ज्यांना पत्रं मिळाली त्यांना गाठून खरं काय वाटलं तेही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं तितकं अवघडलेपण वाचणाऱ्यांना आलंच नव्हतं, आणि आनंद मात्र अंदाजापेक्षा जास्त झाला होता.

तुमचे हे बहुधा “हॅ, त्यात काय एवढं” म्हणतील आणि छताकडे बघत राहतील. बघू द्या. तुम्ही घाईने विषय बदलू नका आणि दिवाही लगेच मालवू नका.