आखेनला निघालेल्या बेळगावकरास

बाळा,

तुझं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र उद्या सकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर जाणार हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि मग चौघी जणी येऊन विचारणार, "मॅडम, त्याला लिहिलंत, आम्हाला नाही?"

परवा स्टाफरूमच्या दारात तू विचारलंस, "एका सेमिस्टरसाठी काय काय न्यायचं?" तासाची घंटा झाली म्हणून मी "गरम कपडे ने" एवढं बोलून सुटले. खरं उत्तर लांबलचक आहे. मीही जर्मनीतल्या या आखेनलाच होते, २००९ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत.

आधी कागद. जुन्या दाखल्यांवर इंग्रजीत 'बेलगाम' आहे, नव्यांवर 'बेळगावी'. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बदललं, कागद मात्र आपापल्या वयाचे राहिले. तिकडच्या कारकुनाला ही दोन वेगळी गावं वाटू शकतात, तेव्हा दोन्ही नावं एकाच गावाची आहेत असं कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून घे. दुसरं, गुणपत्रिकेवर तुझ्या नावापुढे नुसती आद्याक्षरं आहेत. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आत्ताच दुरुस्त कर, तिथे गेल्यावर बँकेपासून वसतिगृहापर्यंत प्रत्येक जण आडनावच विचारतो. व्हिसा नव्वद दिवसांवरचा लागतो, म्हणजे पर्यटकांचा चालत नाही. चंदगडचा तुझा मित्र इथून तासाभराच्या अंतरावर, पण महाराष्ट्राच्या हद्दीत राहतो, त्याचा अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे जाईल आणि तुझा बेंगळुरूच्या. आपल्या नशिबी हद्द अशीच येते. शिष्यवृत्तीचं पत्र हातात नसेल तर सध्या महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने पैसे गोठवलेल्या खात्यात (महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा) दाखवावे लागतात. ते वडिलांशी आज बोल, व्हिसाच्या आदल्या आठवड्यात नको.

कुंदा नेऊ नकोस. आईला वाईट वाटेल, तरी नको. युरोपात बाहेरून येणाऱ्यांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे निव्वळ दूध. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मी नेला, कुणी बॅग उघडली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानेच मला वाचवलं. मी पोचले शुक्रवारी, २ ऑक्टोबरच्या रात्री. शनिवारी ३ तारीख, म्हणजे जर्मनीच्या एकीकरणाची सुट्टी. त्याच्या पुढे रविवार, आणि रविवारी तिथे दुकानं उघडत नाहीत. दोन दिवस मी कुंदा, भडंग आणि नळाचं पाणी यावर काढले. तेव्हा तू भडंग ने, शेंगाची चटणी ने, आणि पोचण्याचा वार कॅलेंडरवर बघून तिकीट काढ.

अभ्यासाचं तुला मी काय सांगणार, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. फक्त दोन गोष्टी. इथल्यासारख्या इंटर्नल्स बहुतेक विषयांना नसतात, सगळं शेवटच्या एका पेपरवर. आणि वर्गात नाव आहे म्हणजे परीक्षेला नाव आहे असं नव्हे, प्रत्येक परीक्षेची नोंदणी वेगळी करायची असते. एका विषयाची तारीख माझ्या हातून निसटली. चार महिने पहिल्या बाकावर बसून नोट्स काढल्या, आणि पेपरच्या दिवशी मी खोलीत बसून कपडे वाळत घालत होते. दोष कुणाचाच नाही, सूचना फलकावर लागली होती. मला वाटलं, कुणीतरी येऊन सांगेल. तिथे कुणी येऊन सांगत नाही, हा त्या सेमिस्टरचा सगळ्यात महाग धडा. गुणांचंही उलटं आहे, १.० सगळ्यात चांगला, ४.० म्हणजे जेमतेम पास, ५.० नापास. वडगावात मागावर बसलेल्या माझ्या बाबांना मी मोठ्या आनंदात फोनवर सांगितलं, "बाबा, एक पूर्णांक सात!" पलीकडे बराच वेळ नुसता मागाचा आवाज. मग हळूच म्हणाले, "असू दे. पास तरी झालीस न्हवं?"

तू घरी आधीच सांगून ठेव.

नोव्हेंबरात मन खचतं. डिसेंबरात साडेचारलाच अंधार होतो. घड्याळ आपल्यामागे साडेचार तास, म्हणून मी दुपारी दोनला फोन करायची, तेव्हा इथे दिवेलागणीची वेळ असायची आणि आईच्या मागे घंटी ऐकू यायची. आपली भारतीय मुलं एका खोलीत जमून भात शिजवतात, त्यांच्यात जरूर जा. पण रोज नको. रोज गेलास तर सेमिस्टर संपेल आणि तू पुण्यातल्या एखाद्या हॉस्टेलवर राहून आल्यासारखा परत येशील.

आता मुद्द्याचं. आखेन हे सीमेवरचं शहर आहे. बसमध्ये बसायचं, वीस-पंचवीस मिनिटांत वाल्स, म्हणजे नेदरलँड्स. मी होते तेव्हा कुणी थांबवत नव्हतं, फक्त पाट्यांची भाषा बदलायची. वाल्सच्या वर ३२२ मीटरची टेकडी आहे (आपल्या लेखी ते टेकाडच, पण त्या सपाट देशात तेवढीही उंची कौतुकाची), तिच्यावर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम एका दगडाशी येऊन मिळतात. सगळे तिथे तीन देशांत हात-पाय ठेवून फोटो काढतात, तूही काढशील. पण वर जाणाऱ्या रस्त्याचं नाव बघ. त्याचा अर्थ 'चार सीमांचा रस्ता' असा आहे. चौथी होती मोरेस्नेची. तिथल्या जस्ताच्या खाणीवरून दोन राज्यांचं जमेना, तेव्हा १८१६ साली तो चिमुकला तुकडा दोघांपैकी एकट्या कुणाचाच नाही असं ठरवून टाकलं, आणि तो तसाच १९२० पर्यंत राहिला. मी त्या दगडाशी उभी राहून हिशेब करत होते. आपला सीमाप्रश्न १९५६ पासूनचा. मोरेस्ने शंभर वर्षं लटकलेलं होतं. म्हणजे अजून वेळ आहे, असा विचार मनात आला आणि एकटीच हसले.

पण मला तुला पाठवायचं आहे ते ऑयपेनला. आखेनहून बसने दुसऱ्या बाजूला, बेल्जियममध्ये. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने हा मुलूख जर्मनीकडून बेल्जियमला गेला. माणसं होती तिथेच राहिली, आजही घरीदारी जर्मन बोलतात. पाऊण लाखाच्या वर वस्ती असेल, पण त्यांचं स्वतःचं छोटं विधिमंडळ आहे, शाळा जर्मनमधून आहेत, आणि जर्मन ही बेल्जियमची तिसरी राजभाषा आहे. हे वाचूनच मी गेले होते. उतरल्याबरोबर काय केलं असेन? पाट्या बघितल्या. आपण बेळगावकर कुठेही गेलो की पाटीवर काय लिहिलंय ते नंतर वाचतो. आधी कुठली भाषा वर, कुठली खाली, अक्षर कुणाचं मोठं, ते बघतो.

थंडी मरणाची होती म्हणून एका बेकरीत शिरले. काउंटरमागे साठीची बाई. माझ्यापुढच्या आजीबाईंशी ती जर्मन बोलली, त्यांच्या मागच्या माणसाशी फ्रेंच, त्याचे पैसे मोजताना स्वतःशी पुन्हा जर्मन. माझी पाळी आली. माझं जर्मन तेव्हा मोडकंतोडकं, पण विभक्त्या घोकलेल्या. कुठून आलीस, तिने विचारलं. इंडिया. घरी काय बोलता? मराठी. मग तुमच्याकडे सगळे मराठीच बोलतात? नाही, म्हटलं, आमच्या राज्याची भाषा कन्नड, आम्ही सीमेवरचे. बाई एकदम खुलली. "म्हणजे आमच्यासारखेच! मग तुला दोन्ही येत असणार."

"थोडं थोडं," मी म्हटलं, आणि पाकिटातली नाणी शोधायला लागले. नाणी हातातच होती.

तिने टोमणा मारला नव्हता. तिच्या लेखी ते गृहीतच होतं. माझी शाळा मराठी, कन्नड पास होण्यापुरतं. बाजारात 'एष्टु' (किती) आणि 'बेड' (नको) एवढ्यावर माझं भागायचं. वडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून अव्वा राहायच्या, त्यांच्या मांडीवर मी वाढले, आणि त्या रोज "ऊटा आतेन?" विचारायच्या तेव्हा मी मराठीत "जेवले" म्हणायची. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मी बाबांच्या खांद्यावर बसून गेलेय, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो चालेल तसा चालो. पण फेरीत चालायचं म्हणजे कन्नड यायला नको, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. बाबा तर सूत-रेशमाच्या व्यापाऱ्यांशी अस्खलित कन्नड बोलायचे. ते माझं मीच धरून चालले होते. अनोळखी देशात भाकरीचा तुकडा मागण्यासाठी मी चार महिन्यांत एक भाषा उभी केली, आणि शेजारच्या भिंतीपलीकडची वीस वर्षांत केली नाही.

परत येताना अव्वांसाठी आखेनचे प्रिंटेन आणले. मसाल्याची बिस्किटं असतात, कडक. अव्वांच्या तोंडात तीन दात. त्यांनी चावून बघितलं आणि "कल्लु!" म्हणाल्या. दगड. मग चहात बुडवून सगळा पुडा संपवला. मी त्यांना म्हटलं, आजपासून माझ्याशी कन्नडच बोला. त्या हो म्हणायच्या, आणि पाच मिनिटांत माझं अडखळणं असह्य होऊन मराठीवर यायच्या. नीट बोलायला मला दोन वर्षं लागली.

तेव्हा रविवारी तुझी फाईल घेऊन घरी ये, सगळे मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स. जन्मदाखला कन्नडात आहे म्हणालास ना, तो भाषांतराला द्यायच्या आधी मला तू मोठ्याने वाचून दाखव. अडलास तर भिंतीपलीकडे अव्वांची नात आहे. ती हसेल. हसू दे.

तुझी,
मॅडम